सोमवारची ट्रेन, मंगळवारची मॅच

शोहेई ओहतानीचं नाव अजिबात ऐकलं नाही असा कॉलेजवाला आता शोधावा लागेल. बेसबॉलचा एकही नियम कळत नसला तरी त्याचं एखादं रील फीडमध्ये येऊन गेलेलं असतंच. 2025 ची वर्ल्ड सिरीज झाल्यावर योशिनोबू यामामोतोही त्या फीडमध्ये आला. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या त्या विजेत्या टीममध्ये जपानचे तिघे होते. ओहतानी, यामामोतो आणि रोकी सासाकी. तिघंही तयार झाले ते जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनपीबीमध्ये. त्या लीगबद्दल मात्र आपल्याकडे फार कुणी बोलत नाही. बोललंच तर 'जपानी शिस्त' असे दोन शब्द टाकायचे आणि विषय संपवायचा.

ही शिस्त दिसते कुठे? मैदानावर दिसतेच. पण तिचा खरा कारखाना मैदानाबाहेर आहे, असं गेले काही आठवडे या विषयावर वाचताना सतत वाटत राहिलं. हा कारखाना ट्रेनमध्ये, हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, क्लबच्या डॉर्मिटरीत आणि रात्री दहानंतरच्या खोलीत आहे. टीम दौऱ्यावर असते तेव्हा खेळाडूच्या दिवसाचा जवळजवळ प्रत्येक तास क्लबच्या हातात असतो. आणि तरीही 2025 च्या मार्चमध्ये या लीगला जाहीर करावं लागलं की 8 क्लबमधले 16 जण ऑनलाइन कसिनोवर जुगार खेळत होते. एवढ्या पहाऱ्यातून हे निसटलं कसं, हे समजून घ्यायचं तर आधी तो प्रवास बघायला हवा.

नकाशा समोर ठेवा

एनपीबीत 12 टीम आहेत. सेंट्रल लीगमध्ये 6, पॅसिफिक लीगमध्ये 6. रेग्युलर सीझनला प्रत्येक टीम 143 मॅच खेळते. मार्चअखेर सुरुवात, शेवट ऑक्टोबरच्या आसपास. आयपीएलमध्ये एका टीमच्या साखळी मॅच 14 असतात आणि तेवढ्यात आपण 'बिचारे किती थकतात' म्हणतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. 143 पैकी साधारण निम्म्या मॅच बाहेरगावी. मंगळवार ते गुरुवार एका शहरात, शुक्रवार ते रविवार दुसऱ्या शहरात, असा ठेका. सोमवारी बहुतेक वेळा मॅच नसते. ऐकायला हा सुट्टीचा दिवस वाटतो, पण तो बऱ्याचदा प्रवासाचाच असतो.

दौऱ्याला जपानी भाषेत 'एनसेई' म्हणतात. शब्दाची फोड केली तर दूरची मोहीम, दूरवरची स्वारी. आपल्याला मोहिमेवर निघालेले मावळे आठवतील, पण इथली फौज सूट घालून शिंकान्सेनच्या प्लॅटफॉर्मवर रांगेत उभी असते. स्पेशल ट्रेन वगैरे काही नाही. जी गाडी ऑफिसला जाणारे लोक पकडतात तीच. सामान बहुतांशी ट्रकने वेगळं जातं आणि खेळाडू हातातल्या बॅगेनिशी. स्टेशनवर चाहते बोर्ड घेऊन थांबलेले असतात, खेळाडू मान झुकवून पुढे सरकतात.

सेंट्रल लीगचा नकाशा बघितला तर गंमत वाटते. टोकियोच्या योमिउरी जायंट्स आणि याकुल्ट स्वॅलोज, योकोहामाची डीएनए बेस्टार्स, नागोयाची चुनिची ड्रॅगन्स, ओसाकाजवळची हान्शिन टायगर्स आणि हिरोशिमाची कार्प. सगळ्या टीम एकाच रेल्वेमार्गावर माळेसारख्या ओवलेल्या. टोकियो ते शिन-ओसाका हे 515 किलोमीटर 'नोझोमी' गाडी अडीच तासांच्या आत कापते. आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग 508 किलोमीटरचा आहे आणि तंत्रज्ञानही शिंकान्सेनचंच, तेव्हा अंतराचा अंदाज यायला हरकत नाही. हिरोशिमा सगळ्यात टोकाला. टोकियोहून जवळपास चार तास. म्हणजे कार्पच्या खेळाडूंच्या नशिबात सेंट्रल लीगमधला सगळ्यात जास्त प्रवास.

पॅसिफिक लीगमध्ये ट्रेनने भागत नाही. उत्तरेला होक्काइडोत निप्पॉन-हॅम फायटर्स, दक्षिणेला फुकुओकात सॉफ्टबँक हॉक्स. दोघांमध्ये हवाई अंतर सुमारे 1400 किलोमीटर. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्ग 1384 किलोमीटरचा आहे, म्हणजे तेवढंच धरा. फायटर्सना बाहेरची जवळजवळ प्रत्येक मॅच विमानानेच गाठावी लागते.

आता यातली अडचण. संध्याकाळची मॅच सहाच्या सुमारास सुरू होते आणि तीन तासांहून जास्त चालते. शिंकान्सेन मध्यरात्री ते सकाळी सहा धावतच नाही, आणि लांबची शेवटची गाडी त्याच्याही बरीच आधी निघून जाते. त्यामुळे मॅच संपली, सामान भरलं आणि निघाले, असं होत नाही. रात्र त्याच शहरात काढायची, सकाळी ट्रेन पकडायची आणि दोन शहरांमध्ये मोकळा दिवस नसेल तर त्याच संध्याकाळी नव्या मैदानावर उतरायचं. अमेरिकेत टीम रात्रीच चार्टर विमानाने निघतात आणि पहाटे पुढच्या शहरात झोपतात. कोणतं बरं, यावर वाद घालता येईल. पण जपानी वेळापत्रकात रेल्वेचं टाइमटेबल हा अकरावा खेळाडूच असतो, एवढं नक्की. (बेसबॉलमध्ये मैदानात 9 असतात आणि पॅसिफिक लीगमध्ये पिचरऐवजी बॅटिंग करणारा दहावा. सेंट्रल लीगही हा नियम 2027 पासून आणतेय.) आणि टाइमटेबल कोलमडलं की सगळंच अडतं. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस आलेल्या वादळाने तोकाइडो शिंकान्सेन काही दिवस अंशतः बंद पडली, तेव्हा या माळेचा दोराच तुटला होता.

रेल्वेचं आणि बेसबॉलचं नातं यापेक्षाही जुनं आहे. जपानमध्ये टीमला शहराचं नव्हे, तर कंपनीचं नाव मिळतं. योमिउरी आणि चुनिची ही वृत्तपत्रं, याकुल्ट-लोत्ते-निप्पॉन हॅम खाद्यपदार्थ, सॉफ्टबँक-राकुतेन-डीएनए आयटी. त्याआधीचा काळ रेल्वे कंपन्यांचा होता. हान्शिन आणि सेइबू आजही आहेत. हान्क्यू, नानकाई आणि किन्तेत्सू होत्या. आपल्या लाइनवर स्टेडियम असेल तर लोक तिकीट काढून येतील, असा सरळ हिशोब. म्हणजे खेळाडू मुळात कंपनीचा माणूस. कंपनीच्या माणसाने दौऱ्यावर कसं वागायचं, हे मग कंपनीच ठरवते.

हॉटेलच्या खोलीतली बॅट

पूर्वी टीम दौऱ्यावर 'र्‍योकान'मध्ये म्हणजे पारंपरिक सरायांमध्ये उतरायच्या. एका खोलीत जमिनीवर गाद्या टाकून अनेक जण. ओसाका-कोबेच्या मध्ये आशिया नावाचं गाव आहे. तिथलं ताकेझोनो हे जायंट्सचं कित्येक दशकांचं मुक्कामाचं ठिकाण. मुळात मांसाच्या दुकानातून उभं राहिलेलं, त्यामुळे तिथलं बीफ आणि क्रोकेट प्रसिद्ध. आता खोल्या स्वतंत्र असतात, पण टीमसाठी वेगळा जेवणाचा हॉल, ठरलेल्या वेळा, बाहेर जायचे नियम हे बऱ्याच अंशी टिकून आहे.

आणि टिकून आहे रात्रीचा सराव. मॅच संपवून आलेला तरुण बॅटर हॉटेलच्या मोकळ्या हॉलमध्ये, कधी पार्किंगमध्ये, चेंडूशिवाय नुसती बॅट फिरवत राहतो. याला 'सुबुरी' म्हणतात. यातली सगळ्यात गाजलेली जोडी म्हणजे मॅनेजर शिगेओ नागाशिमा आणि हिदेकी मात्सुई. मात्सुई 1993 मध्ये जायंट्समध्ये आला, त्याच वर्षी नागाशिमा मॅनेजर म्हणून परतले. मग वर्षानुवर्षं घरी, हॉटेलमध्ये, कुठेही नागाशिमा त्याच्याकडून सुबुरी करून घेत आणि बॅटचा हवेतला आवाज ऐकून स्विंग बरोबर की चूक ते सांगत. फोनवरूनसुद्धा! जून 2025 मध्ये नागाशिमा 89 व्या वर्षी गेले, तेव्हा जपानमध्ये हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

किस्सा सुंदर आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. विशीतल्या मुलाची रात्रसुद्धा त्याची स्वतःची नाही. ड्राफ्टमधून आलेली नवी मुलं काही वर्षं क्लबच्या डॉर्मिटरीत राहतात. रात्री परतायची वेळ ठरलेली. ओहतानी फायटर्समध्ये असताना (2013 ते 2017) डॉर्मिटरीतच राहायचा आणि बाहेर जायचं तर मॅनेजर हिदेकी कुरियामा यांना सांगूनच जायचा. पीजीच्या मावशी दहाला गेट लावतात म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे ऐकून बरं वाटेल. ओहतानीला मात्र ते चाललं, कारण त्याला बेसबॉलशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. प्रत्येक मुलगा ओहतानी नसतो, आणि नियम तर सगळ्यांसाठी सारखेच.

ऑगस्ट आला की घर सोडा

दौऱ्याचा विषय निघाला की हान्शिन टायगर्सना टाळून चालत नाही. त्यांचं होम ग्राउंड कोशिएन. 1924 मध्ये बांधलेलं हे स्टेडियम मुळात शालेय मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी होतं, टायगर्स आले 1935 मध्ये. म्हणून आजही ऑगस्टमध्ये शाळकरी मुलांची स्पर्धा सुरू झाली की करोडोंची ही व्यावसायिक टीम मुकाट्याने घर रिकामं करते. भर उकाड्यात जवळपास तीन आठवडे हा गाव, तो गाव. जुने चाहते याला 'मृत्यूचा दौरा' म्हणायचे. कारण जुलैपर्यंत वर असलेली टीम ऑगस्टमध्ये घसरायची.

हल्ली तो तितका जीवघेणा राहिलेला नाही. यातल्या काही मॅच ओसाकाच्या क्योसेरा डोममध्ये 'होम' म्हणून होतात आणि खेळाडू घरी झोपू शकतात. 2023 मध्ये टायगर्स 38 वर्षांनी जपान सिरीज जिंकले. 2025 मध्ये तर 7 सप्टेंबरलाच त्यांनी सेंट्रल लीग खिशात टाकली, याआधी इतक्या लवकर कुणी जिंकली नव्हती. म्हणजे ऑगस्टचा दौरा हा शाप नव्हता, नियोजनाचा प्रश्न होता. डोममध्ये एसी आहे, प्रवास कमी झाला, निकाल बदलले. इतकं साधं होतं, पण 'सोसणं म्हणजेच ताकद' या समजुतीमुळे त्याला इतकी दशकं लागली. उलट शालेय मुलं अजून कोशिएनच्या उन्हातच खेळतात. 2024 पासून निदान काही दिवस सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन सत्रांत मॅच ठेवायला सुरुवात झालीय, दुपार टाळून.

चाहत्यांचीही वेगळी एनसेई असते. ढोल, ट्रम्पेट, प्रत्येक बॅटरचं स्वतंत्र गाणं आणि पाहुण्या टीमसाठी आउटफिल्डमध्ये राखीव जागा. परक्या शहरात शेकडो लोक एका सुरात तुमचं गाणं म्हणतायत, हे दृश्य आपल्या कोणत्याही लीगमध्ये बघायला मिळत नाही. हिरोशिमा कार्पने 2014 मध्ये टोकियो भागातल्या महिला चाहत्यांना क्लबच्या खर्चाने शिंकान्सेनमध्ये बसवून घरच्या मॅचला नेलं होतं. मार्केटिंग? शंभर टक्के. पण भारी मार्केटिंग!

जे ट्रेनमध्ये नसतात

दौऱ्यावर सगळे जातात असंही नाही. जपानमध्ये सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदा टाकतो. ज्याचा नंबर या तीन दिवसांत नाही, तो बऱ्याचदा दौऱ्यावर जातच नाही, घरच्या मैदानावर सराव करतो. ज्याचा नंबर आहे तो कधी एक दिवस आधी एकटा पुढे जातो. अमेरिकेत पिचर टाकणार असो वा नसो, टीमबरोबर फिरतो आणि त्याला जास्त लवकर पुन्हा टाकावंही लागतं. तिथे गेलेल्या जपानी पिचरना जुळवून घ्यायला जो वेळ लागतो त्यात हा प्रवासही मोजायला हवा.

मग दुसरी फळी. प्रत्येक क्लबची फार्म टीम असते, तिच्या मॅच दुपारच्या उन्हात आणि प्रवास बराचसा बसने. 2005 पासून त्याखाली 'इकुसेई' म्हणजे घडवण्यासाठी घेतलेले खेळाडू आले. त्यांच्या पाठीवर तीन आकडी नंबर असतो आणि मुख्य करार होईपर्यंत ते पहिल्या टीमच्या लीग मॅच खेळू शकत नाहीत. तिथून वर येणं अशक्य नाही. कोदाई सेंगा 2010 मध्ये याच रस्त्याने हॉक्समध्ये आला आणि पुढे न्यूयॉर्क मेट्सपर्यंत पोचला. पण तीन आकडी नंबर घालून बसमध्येच करिअर संपलेल्यांची रील कुणी बनवत नाही.

सगळ्यात एकटा असतो परदेशी खेळाडू. त्याला म्हणतात 'सुकेत्तो', मदतीला बोलावलेला. शब्दातच कळतं की तो घरचा नाही. बोर्ड वाचता येत नाहीत, टीव्ही कळत नाही, बोलायला एकच माणूस, दुभाषा. दुभाषा मैदानावरच्या मुलाखतीपासून दवाखाना, बँक, बायकोची खरेदी इथपर्यंत सगळं सांभाळतो.

रँडी बासची गोष्ट यात मैलाचा दगड आहे. हा अमेरिकन 1985 मध्ये टायगर्सना चॅम्पियन करणारा हिरो. ओसाकात त्याला देव मानायचे. 1988 मध्ये त्याचा मुलगा गंभीर आजारी पडला आणि तो सीझनच्या मध्यावर अमेरिकेला गेला. क्लबने करार संपवला. उपचाराचा खर्च कुणी द्यायचा यावरही वाद झाला. टीम आधी की मुलगा आधी, यावर तेव्हा जपानमध्ये खरंच चर्चा झाली होती. बासला जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते 2023 मध्ये. पस्तीस वर्षं मध्ये गेली.

परत जाता आलं नाही तेव्हा

11 मार्च 2011. सेंदाईची राकुतेन ईगल्स त्या दिवशी सेंदाईत नव्हती. पश्चिमेला आकाशी इथे सराव सामना खेळत होती. भूकंप झाला, त्सुनामी आली. घरं, बायका-मुलं सगळी तिकडे आणि टीम शेकडो किलोमीटर दूर हॉटेलमध्ये. रस्ते, रेल्वे, विमानतळ बंद. त्यानंतर जवळपास महिनाभर टीम बाहेरच फिरत राहिली, सराव करत, सामने खेळत. आपण इथे बॅट फिरवतोय आणि तिकडे लोक ढिगारे उपसतायत, ही बोचणी खेळाडूंनी नंतर वारंवार बोलून दाखवली. 2 एप्रिलला सप्पोरोमधल्या मदतनिधीच्या सामन्याआधी कॅचर मोतोहिरो शिमाने जे भाषण केलं, ते अजूनही जपानमध्ये लोकांना आठवतं. बेसबॉलच्या आत किती ताकद आहे ते दाखवून देऊ, असा त्याचा सूर. 7 एप्रिलला टीम सेंदाईला पोचली आणि त्याच रात्री पुन्हा मोठा धक्का बसला. घरच्या मैदानावर पहिली मॅच झाली 29 एप्रिलला. 2013 मध्ये ईगल्सने जपान सिरीज जिंकली तेव्हा सेंदाई का रडलं, हे या महिन्याशिवाय समजत नाही.

मला यात दिसते ती टीमच्या एकत्र राहण्याची खरी कमाई. एरवी जाचक वाटणारं हे सगळं, एकत्र जेवण, एकत्र ट्रेन, त्या महिन्यात त्यांना धरून ठेवायला उपयोगी पडलं. म्हणून 'जपानी सिस्टीम म्हणजे तुरुंग' असं लिहून मोकळं होता येत नाही. ती आधार देते. फक्त कधी आधार द्यायचा आणि कधी नियम दाखवायचा, हे ती स्वतः ठरवते.

एक जेवण आणि सोळा फोन

सप्टेंबर 2020. कोविडचा काळ, मॅच 120 वर आणलेल्या, दौऱ्यावर बाहेर जेवायला मोजक्याच माणसांची परवानगी. नागोयाच्या दौऱ्यावर टायगर्सचे काही खेळाडू ठरल्यापेक्षा जास्त संख्येने एकत्र जेवले. संसर्ग पसरला, टीममधले बरेच जण बाहेर बसवावे लागले. ऑक्टोबरमध्ये क्लबच्या अध्यक्षांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. एका जेवणापायी! आपल्याकडच्या क्रीडा संघटनांकडे बघता हे परीकथेसारखं वाटतं.

पण थांबा. 2015 मध्ये जायंट्सचे तीन पिचर बेसबॉलवरच सट्टा लावताना सापडले, त्यांच्यावर अनिश्चित काळाची बंदी आली. मार्च 2016 मध्ये चौथा सापडला आणि क्लबच्या मालकासकट तीन वरिष्ठ बाजूला झाले. त्याच वेळी कळलं की अनेक टीममध्ये छोट्या पैजा ही रोजचीच गोष्ट होती. मॅचआधी घोळक्यात जो घोषणा देतो, टीम जिंकली की त्याला बाकीच्यांनी पैसे द्यायचे, असले प्रकार. दिवसरात्र एकत्र राहणाऱ्या मुलांनी वेळ घालवायला शोधलेला खेळ. राजीनामे झाले, माफीच्या पत्रकार परिषदा झाल्या, सगळे कॅमेऱ्यासमोर वाकले. आणि दहा वर्षांच्या आत पुन्हा जुगार, या वेळी फोनवर.

2025 च्या सुरुवातीला एनपीबीने खेळाडूंना आणि स्टाफला आवाहन केलं की ऑनलाइन कसिनोवर खेळला असाल तर स्वतःहून सांगा. त्यातून 16 जण पुढे आले. मिळून 1 कोटी 2 लाख येनचा दंड झाला. हा रोग फक्त खेळाडूंचा नाही. जपानच्या पोलिसांच्या अंदाजानुसार देशात 33 लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन कसिनो वापरलाय. तो तिथे बेकायदा आहे, साइट परदेशातली असली तरीही. जूनमध्ये जपानी संसदेने कायदा बदलून अशा साइटकडे नेणाऱ्या जाहिराती रोखल्या. दोनच महिन्यांनी भारतात ऑनलाइन मनी गेमवर बंदी आणणारा कायदा आला आणि आपल्या क्रिकेट टीमच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन गेलं. दोन्ही देशांत सरकारने जाहिरात आणि ॲपला धरलं. खोलीत एकटा बसलेला तेवीस वर्षांचा मुलगा यात कुठेच नाही.

त्याचं काय होतं ते जरा मनात आणा. रात्री अकरा. मॅच हरलोय. गाव परकं. बाहेर गेलो तर कुणीतरी फोटो काढणार आणि क्लबला उत्तर द्यावं लागणार. सकाळी ट्रेन. रूममेट नाही, कारण खोल्या आता स्वतंत्र. जुन्या र्‍योकानमध्ये निदान शेजारच्या गादीवरच्याला 'काय करतोयस रे' म्हणून विचारता यायचं. क्लबने दरवाजावर पहारा ठेवला आणि जुगार चार्जरच्या वायरीशेजारी उशाला येऊन पडला.

ओहतानीच्या दुभाष्याचं प्रकरण अमेरिकेत घडलं, तरी इथे आठवतंच. इप्पेई मिझुहारा आधी फायटर्समध्ये परदेशी खेळाडूंचा दुभाषा होता. जुगाराचं कर्ज फेडायला त्याने ओहतानीच्या खात्यातून सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलर काढले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला 57 महिन्यांची शिक्षा झाली. इतरांना सांभाळायला ज्याची नेमणूक, त्याच्याकडे कोण बघत होतं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. सगळ्या बातम्या 'ओहतानीला माहीत होतं का' एवढ्यावरच अडकल्या.

जानेवारीत एनपीबी नव्या खेळाडूंसाठी प्रशिक्षण शिबिर घेते. त्यात गुन्हेगारी टोळ्या, ड्रग्ज आणि जुगारापासून लांब राहण्यावर भाषणं असतात. लेक्चर चांगलंच असतं असं धरू. पण एका दिवसाचं लेक्चर आणि सहा महिन्यांचा प्रवास यांची बरोबरी कशी होणार? टीमबरोबर फिरणारा ट्रेनर असतो, मालिशवाला असतो, व्हिडिओ बघून बॅटचा कोन सांगणारा असतो. मग रात्री अकराला ज्याला बिनधास्त फोन करता येईल, जो मॅनेजरला रिपोर्ट देणार नाही, असा एक माणूस प्रवासाच्या यादीत का नको? एका ग्रीन कारच्या तिकिटाचा खर्च आहे तो.

शिबिर संपलं की ही अठरा-वीस वर्षांची मुलं डॉर्मिटरीत सामान लावतात. 1 फेब्रुवारीला ओकिनावा आणि मियाझाकीत कॅम्प सुरू होतात, म्हणजे घरापासून पहिला महिना लांब. मार्चअखेर पहिली मॅच. मग सोमवार, ट्रेन, हॉटेल, मंगळवार, सहा वाजता पहिला चेंडू.